विषय क्रमांक शून्य

माझा देवावर विश्वास आहे आणि वयोमानाप्रमाणे सभांवरही बसत चालला आहे. पण हे दोघे एकाच खोलीत आले की माझी फार पंचाईत होते. देवळात गेलो की कुणाला तरी अनुमोदन द्यावंसं वाटतं आणि सभेला गेलो की चपला बाहेर काढाव्याशा वाटतात. परतताना चपला जागेवर नसतात, एवढं साम्य दोन्हीकडे आहेच.

हे सगळं सुरू झालं मी चिटणीस झाल्यामुळे. आमच्या जामनेरात एक सरकारी समिती होती. तिचं नाव सांगत नाही. तिच्या नावाचा पत्र्याचा फलक अजून शाबूत आहे आणि तिच्या कार्याची आठवण म्हणून गावात तेवढी एकच वस्तू उरली आहे. अकरा सभासद होते. नोकरीतून निवृत्त झालेल्या, अक्षर बरं असलेल्या आणि 'नाही' म्हणता न येणाऱ्या माणसाला आपल्याकडे चिटणीस म्हणतात. त्या हिशेबाने मी बिनविरोध निवडून आलो.

पहिल्याच सभेत अध्यक्ष उभे राहिले. कापसाचे व्यापारी, आवाज असा, की जिनिंग चालू असताना बोलायची सवय लागलेली. म्हणाले, "शुभकार्य आहे. सुरुवात प्रार्थनेनं व्हायला पाहिजे." कार्यक्रमपत्रिकेवर हा विषय नव्हता. पत्रिकेवर पहिला विषय नेहमीचाच होता : 'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे'. मागील सभाच झालेली नसल्यामुळे तो आपोआप गळाला. मग प्रार्थना लिहायची कुठे? मी वहीत 'विषय क्रमांक शून्य' असं लिहिलं आणि पुढे कंस करून 'प्रार्थना' घातलं. पुढची तीन वर्षं तो शून्य तसाच राहिला.

प्रार्थना करायची यावर कुणाचाच वाद नव्हता. वाद झाला तो कोणती करायची यावर. निवृत्त हेडमास्तरांना शाळेची हवी होती. शेंदुर्णीहून येणारे एक वृद्ध वारकरी सभासद होते, त्यांनी हरिपाठ सुचवला. त्यावर हेडमास्तरांनी बोटं मोजून सांगितलं, की पूर्ण हरिपाठ म्हणायचा तर कामकाज दुसऱ्या दिवशी घ्यावं लागेल. किराणा दुकानदार जैन होते. त्यांनी नवकार मंत्र छोटा आहे असं हळूच सांगितलं. एक गृहस्थ महानुभाव पंथाचे. त्यांनी 'आमचं असू द्या' एवढंच म्हटलं, पण ते अशा सुरात, की सगळ्यांना आपलं काहीतरी चुकलं असं वाटावं. शिवणकाम करणारे मास्तर मुसलमान. त्यांना विचारलं तर म्हणाले, "मला सगळं चालतं भाऊ. फक्त चहा आधी होऊ द्या." एका जुन्या समाजवाद्याने साने गुरुजींची प्रार्थना सुचवली. गुरुजी अमळनेरचे शिक्षक, म्हणजे खानदेशाचे, म्हणजे घरचेच. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पण दुसरं कडवं कुणालाच येत नव्हतं. गुरुजींच्या बाबतीत आपलं नेहमी असंच होतं.

शेवटी डॉक्टर सभासदांनी तोडगा काढला : दोन मिनिटं मौन. सगळे उभे राहिले, माना खाली घातल्या. एवढ्यात एक उशीर झालेले सभासद आत आले. त्यांनी दृश्य पाहिलं, टोपी काढली, डोळे पुसले आणि शेजाऱ्याला कुजबुजत विचारलं, "कोन गेलं, भो?" शेजारी मौनात. मग त्यांनी स्वतःच डोकी मोजली. उपाध्यक्ष कमी होते. "अरे अरे, कालच त बसस्टँडवर भेटले होते," असं ते मोठ्याने म्हणाले. आणि त्याच वेळी उपाध्यक्ष पान पुसत दारातून आत आले. स्वतःच्याच शोकसभेला उशिरा पोचणारा असा माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

मौन तिथेच संपलं. गणपतीची प्रार्थना ठरली. गणपतीला कोण नाही म्हणणार? ठराव सर्वानुमते मंजूर झाला. चिटणीस या नात्याने सांगतो, 'सर्वानुमते' या शब्दाचा अर्थ सगळे हो म्हणाले असा नसतो. कुणी मोठ्याने नाही म्हटलं नाही, इतकाच असतो. हा फरक माझ्या लक्षात यायला तीन वर्षं लागली.

सभा सुरू होण्याआधी देवाचं नाव घ्यावं, यात मला त्या वेळी काहीच वावगं वाटलं नाही. खोटं कशाला बोलू, आजही ती भावना मला कळते. आपल्याकडे धान्य मोजताना पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. कापसाच्या हंगामात खरेदी सुरू करण्याआधी काट्याची पूजा होते, नारळ फुटतो. पाचोरा-जामनेर ही आमची छोटी गाडी २०२० साली बंद पडली. पण ती चालू होती तोवर तिच्यात बसताना हात जोडणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि तिचा वेग पाहता ते योग्यच होतं. सुरुवातीला माणसाला भीती वाटते. आपल्याहून मोठं कुणीतरी बघतंय असं वाटलं की जरा बरं वाटतं, आणि जरा सरळ वागावंसंही वाटतं. फक्त एक आहे. काट्याला हळदकुंकू वाहिलं म्हणून माप सरळ होत नाही. ते शेतकऱ्यालाही ठाऊक असतं, व्यापाऱ्यालाही आणि काट्याला तर असतंच.

चिटणीस झाल्यावर मला या विषयाचा नाद लागला. निवृत्त माणसाला नाद लागायला फारसं कारण लागत नाही. जगात ठिकठिकाणी सभेआधी काय करतात, ते मी वाचू लागलो आणि जसजसं वाचलं तसतशी आमच्या समितीबद्दलची माझी भीड चेपत गेली.

लंडनची पार्लमेंट घ्या. तिथे कॉमन्स सभागृहाची रोजची बैठक प्रार्थनेने सुरू होते. त्यासाठी सभापतींचा म्हणून खास पाद्री असतो. प्रार्थनेच्या वेळी सभासद तोंडं फिरवून भिंतीकडे पाहत उभे राहतात. पूर्वी कमरेला तलवारी असत, त्यामुळे गुडघे टेकायची अडचण होती. म्हणून बाकांकडे वळून प्रार्थना करायची चाल पडली, असं कारण सांगतात. पण मला आवडली ती पुढची गंमत. सभासद ६५० आणि बसायला जागा ४२७. मग ज्याला त्या दिवशी हमखास जागा हवी, त्याने प्रार्थनेच्या आधी आपल्या नावाचं कार्ड जागेवर ठेवायचं आणि प्रार्थनेला हजर राहायचं. जो प्रार्थनेला हजर, त्याची जागा पक्की!

हे वाचून मला अगदी घरच्यासारखं वाटलं. जामनेरच्या बसस्टँडवर खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची विद्या आमच्याकडे पोरं शाळेच्या आधी शिकतात. इंग्रजांनी दीडशे वर्षं आपल्याला एवढं शिकवलं, पण हे आपण त्यांच्याकडून घेतलं की त्यांनी आपल्याकडून नेलं, याचा शोध घ्यायला हवा. एवढंच, की आमच्या रुमालवाल्याला देवाचं नाव घ्यावं लागत नाही. तो कंडक्टरचं घेतो.

आणखी एक बाब कौतुकाची. तिथल्या प्रार्थनेच्या वेळी प्रेक्षकांना आत सोडत नाहीत आणि कॅमेरेही बंद असतात. आमच्या अध्यक्षांना मी हे सांगितलं, तेव्हा ते विचारात पडले. "कॅमेरा नाही?" त्यांनी पुन्हा विचारलं. "मग प्रार्थना झाली हे लोकाइले कळणार कसं?"

अमेरिकेत तर याची कोर्टकचेरी झाली आहे. तिथे काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांत प्रार्थनेची चाल आहे. १४ सप्टेंबर २००० रोजी ओहायोतल्या एका देवळाच्या पुजाऱ्याने तिथल्या प्रतिनिधीगृहात पहिल्यांदा हिंदू प्रार्थना म्हटली. २००७ साली सिनेटमध्ये पहिल्यांदा हिंदू प्रार्थना झाली, तेव्हा प्रेक्षकांतून काही ख्रिस्ती मंडळींनी ओरडून व्यत्यय आणला. म्हणजे प्रार्थना सगळ्यांना हवीच असते, आपली असेपर्यंत. पुढे न्यूयॉर्क राज्यातल्या ग्रीस नावाच्या गावातल्या दोन बायका भांडत थेट सर्वोच्च न्यायालयात गेल्या. एक ज्यू, एक देव न मानणारी. म्हणणं इतकंच, की गावच्या सभेत आम्ही आमच्या कामासाठी येतो, तर दर वेळी ख्रिस्ती प्रार्थना का ऐकावी? २०१४ साली पाच विरुद्ध चार मतांनी त्या हरल्या. निकालाचा एक आशय असा होता, की ज्यांना प्रार्थना नको असेल त्यांनी तेवढा वेळ बाहेर जावं. त्यांचं बाहेर जाणं कुणी अनादराचं समजणार नाही, कुणाच्या लक्षातही येणार नाही.

हे वाक्य वाचलं तेव्हा मला ते फार समंजस वाटलं. मी त्याखाली पेन्सिलीने रेघही ओढली. ती रेघ पुढे मला फार महागात पडली. पण ते नंतर.

आपल्याकडचं काय? आपल्या घटना समितीत तर देवावर चक्क मतदान झालं. १७ ऑक्टोबर १९४९. घटनेच्या प्रास्ताविकेची चर्चा चालू होती. हरी विष्णू कामत यांनी दुरुस्ती मांडली, की सुरुवात ईश्वराच्या नावाने करावी. अध्यक्षस्थानी राजेंद्रबाबू. सभागृहात मोठी चलबिचल झाली. पूर्णिमा बॅनर्जी यांनी कामतांना विनवलं, की देवासारखी गोष्ट मताला टाकून आम्हांला अवघडल्यासारखं करू नका. पट्टम थाणू पिल्लै म्हणाले, मी श्रद्धावान आहे, पण श्रद्धेची सक्ती नको. कामतांनी ऐकलं नाही. मतं पडली : बाजूने ४१, विरुद्ध ६८. देव सत्तावीस मतांनी पडला.

हा आकडा मी आमच्या वारकरी सभासदांना सांगितला. मला वाटलं, त्यांना वाईट वाटेल. ते तोंडात बोट घालून थोडा वेळ बसले आणि म्हणाले, "एक्केचाळीस मतं पडली म्हनता? लई झाली. त्याला त पंढरपुरात कोनी मत विचारत नाही, तरी तो अठ्ठावीस युगं उभा आहे. निवडून आला असता त पाच वर्षांनी बसवला असता."

या कामतांच्या दुरुस्तीला विरोध करणाऱ्यांत देव मानणारेही होते, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. देव नाही असं त्यांचं म्हणणं नव्हतं. 'आम्ही' हा शब्द सगळ्यांचा राहावा, कुणाला त्यातून हळूच बाहेर पडावं लागू नये, एवढंच होतं. शपथेचंही तसंच केलं. आमदाराला 'ईश्वरसाक्ष शपथ घेतो' म्हणता येतं, नाहीतर 'गांभीर्यपूर्वक दृढकथन करतो' म्हणता येतं. दोन दारं, दोन्ही उघडी, आणि आत गेल्यावर खुर्ची सारखीच. आता 'गांभीर्यपूर्वक दृढकथन' हे शब्द उच्चारता येणं हीच एक मोठी पात्रता आहे, ते सोडा.

पण आपण महाराष्ट्रातले लोक. घटनेत देव पडला, तरी आम्ही त्याला वर्षातून एकदा सरकारी खर्चाने आंघोळ घालतो. आषाढी एकादशीला पहाटे पंढरपुरात मुख्यमंत्री सपत्नीक शासकीय महापूजा करतात. रांगेतल्या एका वारकरी जोडप्याला शेजारी बसायचा मान मिळतो आणि त्यांना एसटीचा वर्षभराचा मोफत पास देतात. विठ्ठल पावला की नाही ते सांगता येत नाही, पण महामंडळ पावतं. १९७०च्या सुमारास समाजवादी मंडळींनी या पूजेला हरकत घेतली : राज्य निधर्मी, मग पूजा सरकारी कशी? पूजा थांबली. नेमका १९७२चा दुष्काळ पडला. लोक म्हणाले, बघा! आणि वसंतराव नाईकांच्या कारकिर्दीतच ती पुन्हा सुरू झाली. निधर्मी तत्त्वाचं आणि मोसमी वाऱ्यांचं असं वाकडं पूर्वीपासून आहे. पुढे २०१८ साली मराठा आरक्षणाचं आंदोलन पेटलं होतं, तेव्हा देवेंद्र फडणवीस यांनी मुंबईत आपल्या घरीच पूजा केली. विठ्ठल तिथेही होता म्हणायचा. मग दर वर्षी तो पंढरपुरातच का लागतो, हा प्रश्न मी आमच्या सौ.ला विचारला. ती म्हणाली, "तुम्हांला चहा घरी मिळतो, तरी स्टँडवर का पिता?" सभाशास्त्रात याला निरुत्तर होणे म्हणतात.

तर असं सगळं वाचून, रेघा ओढून मी मोठा जाणकार झालो होतो. आणि आता त्या बाईंचं सांगतो.

आमच्या अकरा सभासदांत महिलांच्या राखीव जागेवर आलेल्या एक बाई होत्या. हजेरीपटात सातव्या. सभा अकराला, बाई अकरा वाजून पाच-सात मिनिटांनी यायच्या. प्रार्थना संपलेली असायची, शिपाई खडीसाखर वाटत असायचा आणि बाई पदर सावरत आत येऊन शेवटच्या खुर्चीवर बसायच्या. खडीसाखर घ्यायच्या नाहीत. 'साखरेचा त्रास असेल,' असं मी मनाशी म्हणायचो आणि हजेरीपटात त्यांच्या नावापुढे लिहायचो : 'उशिरा'. माझं अक्षर चांगलं, हे आधी सांगितलंच. वक्तशीरपणाबद्दल मी फार कडक. स्वतःच्या नव्हे, चिटणिसाच्या. तीन वेळा उशीर झाला की लेखी समज द्यायची, असा नियम होता. मी ती दिली. बाईंचं उत्तर आलं, पोस्टकार्डावर, शाळकरी अक्षरात : 'चूक झाली. पुढे काळजी घेईन.' पुढच्या सभेला बाई अकरा वाजून सहा मिनिटांनी आल्या.

एका सभेत अध्यक्षांना जळगावला लग्नाला जायचं होतं. प्रार्थना झाली, खडीसाखर तोंडात असतानाच त्यांनी विषय एक ते चार एका दमात वाचले. 'मंजूर, मंजूर, मंजूर, मंजूर.' चौथा विषय होता बोअरची जागा ठरवण्याचा. दोन जागा होत्या : एक बाईंच्या वस्तीत, दुसरी उपाध्यक्षांच्या गल्लीच्या तोंडाशी. बाई आत आल्या तेव्हा बोअर उपाध्यक्षांच्या गल्लीत गेलेला होता. त्या काहीतरी बोलायला उठल्या. अध्यक्ष म्हणाले, "ताई, वेळेवर या ना. आता मंजूर झालं." मी वहीत लिहिलं : 'सातव्या सदस्या उशिरा उपस्थित, सबब मत नाही.' वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष होतं.

त्यानंतर दोनेक महिन्यांनी मलाच उशीर झाला. जळगावहून येत होतो, नेरीच्या पुढे एसटी बंद पडली. रुमाल टाकून धरलेली जागा आम्ही सगळ्यांनी मिळून ढकलली. समितीच्या दाराशी पोचलो तेव्हा आतून प्रार्थना ऐकू येत होती आणि बाहेरच्या ओट्यावर बाई बसल्या होत्या. मांडीवर पिशवी, पिशवीत कागद. चेहऱ्यावर घाम नव्हता. म्हणजे बराच वेळ बसल्या असाव्यात.

"ताई, चला की आत. दोघांनाही उशीर झालाय," मी म्हणालो.

"मले नाही झाला, भाऊ," बाई म्हणाल्या. "मी पावणेअकरालाच येते. प्रार्थना होऊ द्या, मग येते आत."

मी विचारलं, का? बाई थोडं थांबल्या. मग अगदी साधेपणाने बोलल्या. त्यांच्या वडिलांनी बाबासाहेबांच्या मागे बौद्ध धम्म घेतला होता, बावीस प्रतिज्ञा घेतल्या होत्या. देवांची पूजा करणार नाही, अशा त्यांत प्रतिज्ञा आहेत. वडील मरेपर्यंत त्यांना जागले. "हात जोडले त बापाशी खोटं होतं. आत बसून नाही जोडले त तुम्हाले सगळ्यांले वाईट वाटतं. तुमची पूजा, त्यात मी कशाले विघ्न आणू? म्हणून भाईर बसते."

"मग समज दिली तेव्हा का नाही लिहिलंत?"

"काय लिहू? तुम्ही लिहिलं होतं, उशिरा. आत यायले उशीर त होतच होता."

आतली प्रार्थना संपली. खडीसाखरेचा वास आला. बाई उठल्या, पदर सावरला आणि आत गेल्या. मी ओट्यावरच उभा राहिलो. अमेरिकेतल्या त्या निकालाखालची माझी पेन्सिलची रेघ मला आठवली. 'बाहेर जावं, कुणाच्या लक्षातही येणार नाही.' खरंच की. कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. फक्त हजेरीपटाच्या लक्षात आलं होतं, आणि बोअरच्या.

त्या रात्री मी वही काढून बसलो. 'उशिरा' हा शब्द त्या एका नावापुढे सत्तावीस वेळा होता. सगळीकडे तेच वळणदार अक्षर. देवापुढे उभं राहून आपण रोज म्हणत होतो, आम्हांला सद्बुद्धी दे. आणि ज्या एका माणसाने आपला शब्द खरोखर पाळला होता, त्याला आपण नेमकं तेवढ्या वेळापुरतं दाराबाहेर बसवत होतो. कुणी बसवलं नव्हतं म्हणा. ठराव सर्वानुमते होता.

मला एक शिक्षक आठवले. नाशिकचे. शाळेच्या प्रार्थनेत हात जोडले नाहीत म्हणून त्यांची वरची वेतनश्रेणी अडली. ते कोर्टात गेले. २०१३ साली मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं, की कुणाला प्रार्थनेत हात जोडायची सक्ती करणं हा त्याच्या मूलभूत हक्काचा भंग आहे. त्या शिक्षकांनी निदान आत उभं राहून हात जोडले नाहीत. आमच्या बाईंनी आमच्या भावना दुखावू नयेत म्हणून बाहेर राहून आपलं म्हणणं राखलं. आणि तेवढं करूनही समज त्यांनाच.

मी लगेच पुढच्या सभेत हा प्रश्न मांडला, असं लिहायला मला आवडलं असतं. पण मी दोन सभा गप्प बसलो. एकदा अध्यक्षांचा मूड बरा नव्हता आणि एकदा माझा. तिसऱ्या सभेला बाईंना विचारून, विषय क्रमांक एकच्या आधी, मी उठलो आणि सांगून टाकलं.

गलका झाला. अध्यक्ष म्हणाले, "आम्ही कुठं नाही म्हटलं? बसायचं नुसतं आत." उपाध्यक्ष म्हणाले, "आता काय देवाला सुटी द्यायची?" शिवणकाम करणारे मास्तर म्हणाले, "मी तर तेवढ्या वेळात मनात मापं आठवतो, भाऊ. कालच एकाची छाती कंबरेला लागली." हेडमास्तर म्हणाले, तत्त्व चांगलं आहे, पण पायंडा पडेल. पायंडा कशाचा पडेल, ते त्यांनी सांगितलं नाही. आपल्याकडे पायंड्याला कर्म लागत नाही.

मग शेंदुर्णीचे वारकरी उठले. त्यांच्या गावच्या त्रिविक्रमाला खानदेशाचं पंढरपूर म्हणतात, त्यामुळे देवाच्या प्रश्नात त्यांचा शब्द शेवटचा. म्हणाले, "सत्तेचाळीस साली गुरुजी पंढरपुरात दहा दिवस उपाशी राहिले. कशासाठी? देवाच्या दारात मानसं भाईर उभी होती म्हनून. आनि आपन देवाचं नाव घेऊन सरकारच्या दारात मानूस भाईर बसवला? मी माळकरी आहे. मले ही प्रार्थना पावनार नाही." आणि खाली बसले.

खोलीत शांतता पसरली. तेव्हा कुणी 'कोन गेलं' असं विचारलं नाही.

ठराव असा झाला : ज्यांना प्रार्थना करायची आहे त्यांनी पावणेअकराला यावं, सभा अकराला. जोडीला मी एक दुरुस्ती मांडली. जुन्या इतिवृत्तात सत्तावीस ठिकाणी 'उशिरा' आहे, तिथे 'वेळेवर उपस्थित, दाराबाहेर' असं वाचावं. तीही मंजूर झाली. या वेळी सगळ्यांनी तोंडाने हो म्हटलं, मी मोजलं. बोअरचं मात्र काही करता आलं नाही. जमिनीतलं भोक ठरावाने हलत नाही. बाईंच्या वस्तीतल्या बायका अजून उपाध्यक्षांच्या गल्लीत पाण्याला जातात आणि त्या वाटेने जाताना मी दुसऱ्या बाजूने जातो.

आता कुणी म्हणेल, मग सरकारी सभेची सुरुवात काहीच न म्हणता करायची? कोरडीच? नाही. माझं मत असं, की सभेची प्रार्थना पत्रिकेवर पहिल्यापासून छापलेलीच आहे. 'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे.' मागच्या वेळी आपण काय कबूल केलं होतं, कुणाच्या नळाचं, कुणाच्या रस्त्याचं, त्यातलं काय केलं आणि काय नाही, ते सगळ्यांसमोर उभं राहून मोठ्याने वाचायचं. ही प्रार्थना गणपतीवाल्याला चालते, नवकारवाल्याला चालते, बावीस प्रतिज्ञावाल्याला चालते. तिला दुसरं कडवं पाठ नसलं तरी भागतं; वहीत असतं. अडचण एकच. ती फार अवघड आहे. म्हणून तर आपण अध्यक्षांच्या तोंडून 'वाचलं असं समजू' म्हणवून घेतो आणि गणपतीला हात जोडतो. देव बिचारा काही विचारत नाही. वही विचारते.

ठरावानंतरच्या पहिल्या सभेला मी मुद्दाम पावणेअकराला निघालो. प्रार्थनेसाठी भांडलेले सगळे वेळेआधी येतील, गर्दी होईल, जागा धरायला हवी, या हिशेबाने खिशात रुमालही ठेवला होता. वाटेत एक ओळखीचे गृहस्थ भेटले, चहा झाला, आणि मी पोचलो तेव्हा अकराला पाच कमी होते. आत कुणी नव्हतं. अध्यक्ष नाहीत, उपाध्यक्ष नाहीत, हेडमास्तर नाहीत. प्रार्थना सक्तीची नाही म्हटल्यावर कुणाला तिची आठवणही झाली नव्हती.

ओट्यावर मात्र दोघं बसली होती. बाई आणि शेंदुर्णीचे माळकरी बुवा. दोघांच्या मध्ये शेंगांचा पुडा.

"बुवा, प्रार्थना?" मी विचारलं.

"झाली," बुवा म्हणाले. "एकट्यानं आत बसून त्याला काय तरास द्यायचा? ह्या ताई भाईर होत्या, मी बी भाईर आलो. शेंगा घ्या."

मी शेंगा घेतल्या आणि तिथेच टेकलो. गप्पा निघाल्या, बोअरच्या, पावसाच्या, बंद पडलेल्या पीजेच्या. आतून घंटा वाजली तेव्हा बाई आणि बुवा उठून आत गेले. मी फोलपटं गोळा करत मागे राहिलो. आत गेलो, तर माझ्या गैरहजेरीत हजेरीपट डॉक्टरांनी भरायला घेतला होता. सातव्या नावापुढे त्यांनी लिहिलं होतं, 'वेळेवर'.

माझ्या नावापुढे त्यांच्या त्या औषधाच्या चिठ्ठीवरच्या अक्षरात काहीतरी लिहिलेलं होतं. मला ते लागेना. मी विचारलं, तर म्हणाले, "उशिरा. नियमाप्रमाणे."